हात लावू नये, मुरू द्यावे

सळई हौदात सोडली आणि ती उभीच राहिली.

हात काढून घेतला तरी पडेना. वर अर्धा फूट घासलेट, कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं. त्याखाली फूटभर जाड काळं तेल. त्या तेलात रुतून सळई सरळ उभी. तो विसावा दिवस होता. आणखी चार दिवसांनी हेच तेल पातळ होऊन खालापूरच्या सडकेवर पडायचं होतं. तसं मी लिहून दिलं होतं. टाइप करून, खाली सही करून. आणि आमचे मॅनेजर लेलेसाहेब सकाळच्या गाडीने पुण्याहून निघालेसुद्धा होते.

हौदाच्या कठड्यावर मुकादम धर्मा उकिडवा बसला होता. त्याने सळईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सायब, नाय मुरलं."

"दिसतंय मला, धर्मा."

"खालीवर करू का? मानसं हायत."

हा प्रश्न तो मला वीस दिवस रोज विचारत होता. आणि मी वीस दिवस रोज नको म्हणत होतो.

थांबा, मी मधूनच सुरू केलं. माझी ही खोडच आहे. पहिल्यापासून सांगतो, कारण माझी चूक नेमकी कुठे झाली ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

मी केमिस्ट. म्हणजे बी.एस्सी. होऊन दीड वर्ष झालंय आणि सडकांची कामं घेणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंग असिस्टंट म्हणून लागलोय. कंपनीचं नाव सांगत नाही. नोकरी अजून आहे. खडी, चुना, तेल यांचे सॅम्पल घ्यायचे, टेस्ट करायची आणि रिपोर्ट टाइप करायचा, एवढं माझं काम. टाइपिंग मला झकास येतं. कर्जतच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कपेक्षा माझी बोटं जलद चालतात. डोक्यापेक्षाही जलद चालतात, हे मला नंतर कळलं.

मुंबईहून पुण्याला जाणारी सडक खालापूरवरून खोपोलीला जाते आणि तिथून घाट चढते. सडक खडी-मातीची. बैलगाड्या होत्या तोवर ठीक होतं, पण मोटारी धावायला लागल्यापासून एवढी धूळ उडते की कडेच्या आंब्यांची पानं मार्गशीर्षातच भगवी होतात. त्यावर इलाज म्हणजे रोड ऑइल. जमिनीतून काढलेल्या तेलातून पेट्रोल काढून घेतात, घासलेट काढून घेतात. मग तळाशी उरतं ते हेवी ऑइल, काळं आणि चिकट. ते सडकेवर शिंपडलं की धूळ बसते. पण शिंपडायचं तर पातळ हवं. आमच्या खालापूरच्या हौदात जे होतं ते चार वर्षं उघड्यावर पडून काकवीहूनही घट्ट झालेलं. त्यात थंडीचे दिवस. फावड्याने कापून काढावं लागेल इतकं जाड.

पातळ करायचे दोन मार्ग. एक, तापवायचं. गेल्या वर्षी तसंच केलं होतं, ड्रमाखाली लाकडं लावून. तेल उतू गेलं आणि पेटलं. ड्रमाला खेटून दोन बाया उभ्या होत्या. धर्माने तोटी बंद करायला आगीत हात घातला. तोटी बंद झाली, बाया वाचल्या. धर्माच्या उजव्या हाताची चार बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. मूठ वळत नाही. नांगर धरता येत नाही, कोयता धरता येत नाही. खंडाने केलेलं भाताचं खाचर त्याने सोडून दिलं. कंपनीने त्याला मुकादम केलं. "मुकादमाला हात कशाला लागतो? तोंड लागतं," असं लेलेसाहेब म्हणाले होते म्हणे. एका हाताच्या माणसाला करता येईल असं काम आख्ख्या खालापुरात ते एवढंच.

हे लक्षात ठेवा. मी विसरलो नव्हतो, पण त्या वेळी मनात दुसरंच होतं.

लेलेसाहेबांनी मला कर्जतला बोलावून सांगितलं, "लाटसाहेबांची मोटार पुण्याला जाणार आहे. अजून महिना आहे. खालापूर ते खोपोली धूळ दिसता कामा नये. आणि आग लावायची नाही, वरून सक्त मनाई आलीय. बोला, काय करता?"

मी खुर्चीतून उठलोच. "सर, सॉल्व्हंट!"

"बसा. शांतपणे सांगा."

सॉल्व्हंट म्हणजे दुसऱ्या पदार्थाला स्वतःत विरघळवून घेणारा. तेलाचा डाग पाण्याने जात नाही, घासलेटने जातो, कारण घासलेट हा तेलाचा सॉल्व्हंट. हौदात जाड तेलावर घासलेट ओतायचं. आग नको, धूर नको. घासलेटचे कण आपोआप तेलात शिरतात, तेलाचे कण घासलेटमध्ये येतात, काही दिवसांनी दोन्ही एकजीव. कोणी ढवळायची गरज नाही. कॉलेजात याला डिफ्युजन म्हणायचे आणि मला ते जगातलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटायचं. आपल्याकडे त्याला शब्दही किती छान आहे बघा. मुरणं.

"किती दिवस लागतील?" साहेबांनी विचारलं.

"टेस्ट करून सांगतो, सर."

खोपोलीला माझ्या खोलीत खिडकीपाशी टेस्ट केली. एक लांब काचनळी घेतली, तिच्यात हौदातलं तेल भरलं, वर घासलेट ओतलं, बूच लावलं आणि नळीवर कागदाची पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कंदील मागे धरून बघितलं. घासलेट तेलात बरोबर अर्धा इंच उतरलं होतं. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

आता हिशेब. दिवसाला अर्धा इंच. हौदात तेल फूटभर, म्हणजे बारा इंच, म्हणजे चोवीस अर्धे इंच. चोवीस दिवस! हातात महिना. मी त्याच दुपारी कर्जतला जाऊन रिपोर्ट टाइप केला.

लेलेसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो मिस्टर, एका दिवसाच्या टेस्टवर चोवीस दिवसांचं सांगताय. नक्की ना?"

"नक्की, सर. याला नियम आहे."

नियम होता. मी तो विसरलो होतो.

हौदावर घासलेट ओतलं त्या दिवशी ऑर्डर बुक भरलं. आमच्याकडे प्रत्येक कामाची ऑर्डर मराठीत लिहितात, मुकादमाला वाचून दाखवतात आणि खाली त्याचा अंगठा घेतात. मी लिहिलं, "हौदास हात लावू नये. मुरू द्यावे."

हात लावू नये हे कशाला लिहिलं? खरं सांगतो. तेलासाठी नाही. मला अभ्यास करायचा होता. कोणी ढवळलं की शुद्ध डिफ्युजन राहत नाही, आकडे बिघडतात. मला एवढ्या मोठ्या हौदातले स्वच्छ आकडे हवे होते. ते घेऊन निबंध लिहायचा, आमच्या प्रोफेसरांना पाठवायचा, असं मनात होतं. शीर्षकसुद्धा ठरवलं होतं.

धर्माने डावा अंगठा उमटवला आणि विचारलं, "पन सायब, खालीवर करायला नको? आमची बायकू गोदी लोनचं घालती तवा रोज डावानं खालीवर करती. नायतर वरचं वर आन खालचं खाली."

"हे लोणचं नाही, धर्मा. हे आपोआप होतं."

"आपोआप?"

"आपोआप."

कातकरवाडीतल्या चार-पाच बाया कामावर होत्या, त्यातली बायजा सगळ्यात तोंडाळ. धुळीसाठी हौदावर गोणपाट ताणून बांधताना ती ओरडली, "दादरा नीट बांध गं! सायबाचं लोनचं हाय, मुंगी जाईल!" बरणीच्या तोंडाला बांधतात त्या फडक्याला दादरा म्हणतात. सगळ्या खो खो हसल्या. मीपण हसलो. त्या दिवसापासून तो हौद म्हणजे सायबाचं लोनचं. सडकेने जाणारे गाडीवानसुद्धा बैल थांबवून विचारायचे, "मुरलं का?"

चौथ्या दिवशी खोलीतली नळी बघितली. दोन इंच हवं होतं. एकच इंच होतं.

मला वाटलं, नळी अरुंद आहे, काचेला तेल चिकटतंय. हौद मोठा आहे, तिथे असं होणार नाही. नववा दिवस. साडेचार इंच हवं होतं. दीड इंच होतं.

मग मी ट्रंकेतून कॉलेजची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. माझ्याच अक्षरात होतं, खाली दोन रेघासुद्धा मारलेल्या. अंतर दुप्पट तर वेळ चौपट. अंतर तिप्पट तर वेळ नऊपट. कारण साधं आहे. पहिलं घासलेट तेलाच्या दारातच असतं. नंतरच्याला आधी शिरलेल्यातून वाट काढत आत जावं लागतं, आणि ती वाट रोज लांबत जाते. म्हणजे अर्ध्या इंचाला एक दिवस लागला तर चोवीस अर्ध्या इंचांना चोवीस दिवस नाही. चोवीस गुणिले चोवीस. पाचशे शहात्तर दिवस.

दीड वर्षाहून जास्त.

मी पुन्हा गुणाकार केला. पुन्हा तेच आलं. परीक्षेत मी हाच प्रश्न सोडवला होता, पूर्ण मार्क मिळाले होते.

त्या दिवशी करण्यासारखं सोपं होतं. हौदावर जायचं, गोणपाट सोडायचं आणि म्हणायचं, धर्मा, तू म्हणत होतास ते बरोबर, कर खालीवर. पंधरा दिवस हातात होते. पण ऑर्डर माझी. रिपोर्ट माझा. लेलेसाहेब पुण्याला गेलेले, विसाव्या दिवशी यायचे होते. त्यांना न विचारता ऑर्डर फिरवली तर रिपोर्ट खोटा होता हे मीच जाहीर केल्यासारखं. मी साहेबांना पत्र टाइप केलं. दोनदा केलं. पोस्टात एकदाही टाकलं नाही.

रोज हौदावर जायचो. धर्मा रोज विचारायचा.

"खालीवर करू का?"

"साहेब येऊ दे."

"तुमचं तोंड का उतारलंय? आजारी हाव का?"

"नाही रे."

"गोदी म्हनं, सायबाला सांग, लोनचं असं टाकून नाय चालत. येडी हाय. आमी सांगितलं तिला, त्ये शिकल्यालं हायत, त्यान्ला ठाव हाय."

हे ऐकून मी सरळ खोलीवर परत गेलो.

तर तो विसावा दिवस, सळई उभी आणि लेलेसाहेब आले. त्यांनी सळई धरून हलवली. शेंडा वाकला, खालचं टोक जागचं हललं नाही. मी घाईघाईने सगळं सांगितलं. नियम, वर्ग, वही, पाचशे शहात्तर. ते ऐकत होते की नाही कोण जाणे.

"म्हणजे चार दिवसांत होणार नाही?"

"नाही, सर."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हणालो, "नुकतंच."

साहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "ढवळा. माणसं किती लागतील ती घ्या. लेखी काही नको, आता कागद वाढवू नका."

त्यामुळे ऑर्डर बुकात जुनीच ऑर्डर राहिली. हात लावू नये. मुरू द्यावे.

पुढचे चार दिवस आठवले तरी मला तो वास येतो. बांबू घातले, ते मोडले. फावडी घातली, ती रुतून बसली. फळ्यांनी ढकललं की तेलाचे दगडासारखे गोळे सुटायचे आणि घासलेटमध्ये गटांगळ्या खाऊन पुन्हा तळाला. पातळ आणि जाड यांची गाठच पडत नव्हती. वासाने बायांची डोकी चढली. दुसऱ्या दिवशी बायजा कठड्यावर बसली आणि कलंडलीच. तिला आंब्याखाली निजवलं. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं काय म्हणाली, तर "इस्कोटलं गं सायबाचं लोनचं." या वेळी कोणी हसलं नाही.

मग धर्मा हौदात उतरला.

"धर्मा, वर ये! घासलेट आहे ते, कातडी जाईल!"

"हातानं नाय व्हत, सायब. पायानं व्हतंय का बगतो. आमी चिखल करतो तसा."

इकडे भाताची लावणी करायच्या आधी खाचरात पाणी सोडून माती पायांनी तुडवतात. चिखलणी. धर्माने आयुष्यभर तेच केलेलं. धोतर वर खोचून, भिंतीला डावा हात टेकून, एका कोपऱ्यात तो टाचेने दाबायचा, फिरवायचा, उचलायचा. दाबायचा, फिरवायचा, उचलायचा. अर्ध्या दिवसाने मी त्या कोपऱ्यातलं सॅम्पल काढलं. एकजीव! डावातून ओतलं तर धार लागली, एका ठिकाणीसुद्धा तुटली नाही. शुद्ध डिफ्युजनला जे पाचशे शहात्तर दिवसांत जमणार होतं ते धर्माच्या टाचेने अर्ध्या दिवसात केलं होतं, कारण तो जाड थर पातळ-पातळ करून घासलेटमध्ये लाटत होता. थर पातळ झाला की वेळ कितीतरी पटीने कमी होतो. हाच तो नियम, उलटीकडून वाचलेला. वहीत होता. मी एकाच बाजूने वाचला होता.

मी आनंदाने ओरडणार होतो. मग दिवस मोजले. दोन उरले होते. धर्माच्या घोट्यापर्यंत कातडी लाल झाली होती. आणखी दोघे उतरले, तासाभरात आग होते म्हणून वर आले. धर्मा एकटाच दुसऱ्या दिवशीही उतरला. तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत त्याला जाता आलं नाही.

वीस दिवस होते. रोज तासभर, पाळीपाळीने, चार माणसं. तेवढ्यात सगळा हौद झाला असता. धर्मा रोज विचारत होता.

चोविसाव्या दिवशी जे होतं ते गाडीवरच्या भोकाच्या ड्रमातून सडकेवर सोडलं. धर्माच्या कोपऱ्यातलं पहिल्यांदा. ते सुरेख पसरलं, फर्लांगभर सडक शिसवीसारखी दिसत होती. नंतरचं नुसतं घासलेट, ते कडेच्या चरात वाहून गेलं. त्याच्या नंतरचे गोळे. लाटसाहेबांची मोटार आली आणि गेली. पहिला फर्लांग धूळ नाही. पुढे लोटच्या लोट. आणि गोळे चाकांना चिकटून उडाले ते मागच्या मोटारीच्या काचेवर. ती मोटार थांबली. कोणीतरी उतरून रुमालाने काच पुसायला लागलं. ते पुसल्याने जात नाही. घासलेट लागतं. मी कडेला उभा होतो आणि माझ्या मनात एवढंच आलं.

आठवड्याने चौकशी झाली. वरच्या ऑफिसातून एक गोरे साहेब आले, खालापूरच्या डाकबंगल्यात टेबल टाकून बसले. मराठी परीक्षा देऊन शिकलेले, बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. लेलेसाहेब उजवीकडे, मी डावीकडे, कारकून टाक घेऊन. धर्मा पायरीवर, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. ऑर्डर बुक उघडं होतं. मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, लेखी आहे. हात लावू नये असं स्पष्ट लिहिलंय, धर्मा सुटला. मला बोलणी बसतील, बसू देत.

साहेबांनी वाक्यावर बोट ठेवलं. "मुरू द्यावे. या क्रियापदाचा अर्थ काय?"

लेलेसाहेब पुढे झाले. "लोणच्याचा शब्द आहे, सर."

"लोणचे कसे मुरवितात?"

लेलेसाहेब खाण्याचे शौकीन. अगदी रंगून सांगायला लागले. "फोडी, मीठ, मसाला बरणीत भरायचा. तोंडाला दादरा बांधायचा. हात अजिबात लावायचा नाही, हाताने लोणचं नासतं. पण रोज डावाने खालीवर करायचं. न चुकता. तरच मुरतं."

"अर्थात, हात लावू नये, परंतु ढवळावे."

"बरोबर तेच, सर. आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल."

मी लेलेसाहेबांकडे बघतच राहिलो. त्यांना सुचलं कसं? मला वाटतं, त्यांना सुचलं नव्हतं. बोलता बोलता आपोआप झालं.

साहेब पायरीकडे वळले. "मुकादम, तू रोज ढवळलेस काय?"

"नाय सायब. हात लावू नको, असं लिवलं व्हतं."

"लोणचे कसे करतात ते तुला ठाऊक आहे?"

"हाय की. आमची गोदी करती. रोज डावानं खालीवर..."

तो थांबला. त्याला कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. सळईकडे बघून माझ्याकडे बघितलं होतं तसंच.

साहेबांनी मला विचारलं, "हे आपण लिहिलेत. आपल्या शब्दाचा अर्थ हाच ना?"

"हो, म्हणजे..."

कारकुनाने 'हो' लिहून घेतलं. मी टाकाचा कुरकुर आवाज ऐकला. म्हणजेच्या पुढचं सगळं माझ्या तोंडात तयार होतं. म्हणजे शब्दाचा अर्थ तो असेल, पण माझा नव्हता. म्हणजे हा माणूस रोज विचारत होता आणि मीच रोज नको म्हणालो. म्हणजे मला नवव्या दिवशीच कळलं होतं. एवढी तीन वाक्यं. मी टाइपरायटरवर मिनिटात काढली असती. तोंडातून एक निघालं नाही. साहेबांनी दोन क्षण वाट बघितली, मग पान उलटलं.

धर्माला त्याच दिवशी कामावरून काढलं. कारण लिहिलं, ऑर्डरप्रमाणे काम केले नाही.

दुसऱ्या दिवशी मी चार पानं टाइप केली. सगळं होतं त्यात. लेलेसाहेबांसमोर ठेवली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली, कागद नीट जुळवून माझ्या हातात परत दिले.

"हे पाठवलंत तर मुकादम परत येईल असं वाटतं तुम्हाला?"

"यायला हवा, सर."

"नाही येणार. प्रकरण मिटलंय. फक्त तुम्ही जाल. आणि मी तुम्हाला चांगला केमिस्ट समजतो, अहो." मग म्हणाले, "बघा. तुमची मर्जी."

ती चार पानं माझ्या ट्रंकेत आहेत. कॉलेजच्या वहीखाली.

परवा कशेळ्याच्या बाजारच्या दिवशी धर्माला भेटायला गेलो. तो तिथे मेव्हण्याच्या घरी राहतो, त्याच्या म्हशी वळतो. म्हशी वळायला हात लागत नाही, पण पाय लागतात, आणि पायांचं कातडं अजून नीट आलेलं नाही. काठी डाव्या हातात. गोदीने मला ओळखलं. पाण्याचा तांब्या आणून आदळला आणि म्हणाली, "काय, लोनचं न्यायला आलं का?"

"गप गं," धर्मा म्हणाला. "बसा सायब."

मी बसलो. म्हणायला जे घेऊन गेलो होतो ते पुन्हा म्हणजेपाशीच अडलं. तोच बोलला.

"मी तुडवल्यालं त्ये चांगलं पडलं व्हतं ना सडकंवर?"

"सगळ्यात चांगलं. अजून तिथे धूळ नाही."

त्याने मान हलवली. काठीने एका म्हशीला वळवलं. मग खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्याने विचारलं, "आनि हौदात ऱ्हायलं त्ये? मुरलं का वो आता?"

"नाही, धर्मा."

"मुरंल. टायम लागतो."

शिकण्यासारखं म्हणाल तर दोन ओळींचं आहे. खोली दुप्पट तर वेळ चौपट. आणि ऑर्डर बुकात लोणच्याचा शब्द लिहू नये, ढवळू नये असं म्हणायचं असेल तर ढवळू नये असंच लिहावं. दुसरी ओळ मी कंपनीच्या सूचनांच्या वहीत टाइप करून चिकटवली. लेलेसाहेबांना आवडली.

काचनळी अजून माझ्या खिडकीत आहे. तिला कोणी हात लावलेला नाही. आज एकोणपन्नासावा दिवस. सकाळी कंदील मागे धरून मोजलं. साडेतीन इंच, बरोबर पट्टीच्या रेघेवर. पूर्ण फूट व्हायला अजून पाचशे सत्तावीस दिवस.

नियम अगदी बरोबर आहे.